द्राक्षबागेत मुक्काम करायचाय? आधी छाटणीचा महिना बघा

नाशिक : शनिवार-रविवार आला की गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कुणाला वाईन चाखायची असते, कुणाला धरणाचं पाणी बघत निवांत बसायचं असतं. बरेच जण आता एक-दोन रात्री मुक्कामालाच येतात. खोलीचा पडदा सरकवला की समोर द्राक्षाच्या ओळी, अशा जाहिराती मोबाईलवर सगळ्यांनीच पाहिल्यात. त्या ओळींवर द्राक्षं कोणत्या महिन्यात असतात, हे मात्र जाहिरातीत सापडत नाही. म्हणून मे महिन्यात येऊन "घड कुठायत?" असं विचारणारे पाहुणे दरवर्षी असतात.

बागेचं वर्ष कसं चालतं

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तेव्हा वेल पार बोडका दिसतो, नुसते खुंट आणि ओलांडे. त्यानंतर नवी फूट येते आणि पावसाळाभर मांडव हिरवागार राहतो, पण त्यावर घड नसतो. दुसरी फळछाटणी. तिला कुणी गोडी छाटणी म्हणतं, कुणी ऑक्टोबर छाटणी. वाईनच्या बागेत ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. मग घड बाहेर पडतात, फुलोरा येतो, मणी धरतात. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं आणि काळ्या वाणांना रंग चढतो. जानेवारी ते मार्च तोडणी चालते.

म्हणजे घड बघायचे असतील तर डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत यावं. त्यातही फेब्रुवारी सगळ्यात चांगला. पहाटे गारव्यात तोडणी सुरू होते, क्रेट भरून ट्रॅक्टर वायनरीकडे जातात आणि टाक्यांच्या खोलीत आंबायला लागलेल्या रसाचा वास भरलेला असतो. वाईन कशी होते हे याच दिवसांत डोळ्यांनी दिसतं. एरवी गाईड सांगतो आणि आपण रिकाम्या यंत्राकडे बघत मान हलवतो. पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रमही याच हंगामात ठेवतात. तो गमतीचा भाग आहे, बाटलीतल्या वाईनचा रस यंत्रावरच निघतो.

पावसाळ्यात यायला हरकत काहीच नाही. डोंगर हिरवे, धरण भरलेलं, हवा सुरेख. फक्त घडांची अपेक्षा ठेवू नये. आणि जानेवारीत येणाऱ्यांनी स्वेटर आणावा, कारण निफाड-दिंडोरीकडे पारा दहा अंशांच्या खाली जातो. मुंबईची मंडळी इथे हमखास फसतात.

कुठे काय

सगळ्यात जास्त गर्दी सुला विनयार्ड्सकडे. नाशिकमध्ये वाईनचं पर्यटन रुजवलं ते राजीव सामंत यांच्या या कंपनीने. तिथे मुक्कामासाठी 'द सोर्स' आणि 'बियाँड' अशी दोन ठिकाणं आहेत. पहिलं टेस्टिंग रूमला लागून, दुसरं पाण्याच्या बाजूला. याच पट्ट्यात सोमा आणि यॉर्क आहेत. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली. गजबज चालत असेल, सोबत मित्रमंडळी असतील तर हा भाग बरा.

शांतता हवी असेल त्यांनी इगतपुरी तालुक्यात संजेगावकडे वळावं. तिथे मुकणे धरणाच्या पाण्याजवळ व्हॅलोने ही छोटी वायनरी आहे. खोल्या मोजक्याच, त्यामुळे आयत्या वेळी मिळणं अवघड. मुंबईहून येताना नाशिक शहरात शिरायचीही गरज पडत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाटाचा वेळही वाचतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीची बाग आहे. ती मोहिते-पाटील कुटुंब आणि इटलीच्या भागीदारांनी मिळून उभी केली. तिथे आधी ठरवूनच जावं लागतं.

बुकिंगच्या आधी

फोनवर दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. टेस्टिंग खोलीच्या भाड्यात धरलंय की वेगळे पैसे? बागेतली फेरी कोण घडवतं, आणि त्या आठवड्यात तोडणी आहे का? शनिवारचा आणि मंगळवारचा दर एकच नसतो. सुट्टी मिळत असेल तर मधल्या वारी यावं, माणसं निवांत बोलतात.

ड्राय डे जरूर तपासावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुट्ट्या जोडून लोक बुकिंग करतात आणि नेमकी त्याच दिवशी दारूविक्री बंद असते. मतदानाच्या आधीचे ४८ तासही तसेच. वाईनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र मागतात. पिऊन गाडी हाकू नये हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यातल्या निम्म्यांना मागे लाईट नसतो. गावाकडे रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही, म्हणूनच मुक्काम करणं शहाणपणाचं.

बागेत शिरताना विचारून शिरावं. डावणी-भुरीसाठी फवारणी झालेली असते, त्यामुळे घड तोडून तोंडात टाकू नये. लहान पोरांकडे तर लक्षच ठेवावं.

बाटलीमागचा शेतकरी

हॉटेलच्या खिडकीतून दिसणारी बाग बहुतेक वेळा वायनरीची स्वतःची असते. वायनरीत येणारा बराचसा माल मात्र करारावरच्या शेतकऱ्यांच्या रानातून येतो, आणि तिथे पाहुणा कधी पोचत नाही. हा माल खायच्या द्राक्षासारखा नसतो. मणी बारीक, साल जाड, आत बी. शिराझ, कॅबरने, सॉव्हिन्यॉन ब्लाँ, शेनिन ब्लाँ ही त्यातली चालणारी वाणं. थॉमसनसारखं डिपिंग, थिनिंग करावं लागत नाही, त्यामुळे मजुरी वाचते. एकरी उतारा कमी निघतो, पण दर आधी ठरलेला असतो.

गोची एकच. वायनरीने माल उचलला नाही तर त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. मार्केट यार्डात बी असलेलं बारीक द्राक्ष कुणी विचारत नाही, बेदाण्यालाही ते चालत नाही. हा फटका जिल्ह्याने खाल्लेला आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाईन पार्क झालं, भराभर वायनरी उभ्या राहिल्या आणि बागाही लागल्या. २००८-०९ ला जगभर मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन टाक्यांत साचून राहिली. पैसे अडकले. अनेकांनी वाईनची झाडं काढली किंवा त्यांवर खायच्या वाणाची कलमं चढवली. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बऱ्याच बांधांवर ती बागच उरली नव्हती.

म्हणून या मुक्कामांकडे नुसती श्रीमंतांची चैन म्हणून बघून चालत नाही. टेस्टिंग रूममध्ये विकलेल्या बाटलीचा आणि खोलीचा पैसा वायनरीच्या हाती रोख येतो, मधे वितरक नसतो. वाईन खपली तरच पुढच्या हंगामाचा करार होतो. स्वयंपाकघर, साफसफाई, बाग, ड्रायव्हर या कामांना आसपासच्या गावातली पोरं आणि बायका लागतात, हेही खरं.

दोन-चार खोल्या बांधून स्वतःच पाहुणे ठेवता येतील का, असं आता काही बागायतदार विचारू लागलेत. त्यासाठी राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. कृषी पर्यटनाच्या नोंदणीवर वाईन मात्र देता येत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा वेगळा परवाना लागतो. पण फेब्रुवारीची पहाट, चुलीवरची भाकरी आणि बांधावर बसून खायला ताजी द्राक्षं, याला परवाना लागत नाही.