संधिप्रकाश आणि नेमाची काच

सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, आणि सीताबर्डीच्या लढाईला महिना होतो न होतो तोच, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपुरावर कंपनी सरकारचे निशाण लागले. त्या निशाणामागोमाग छावणी आली आणि छावणीला दाणागोटा, कापडचोपड व नोकरचाकर पुरविणारा सदर बाजार वसला. मंडला, शिवनी व बालाघाट येथील साल-सागाची राने आवाक्यात असल्यामुळे शिकार हे या छावणीचे व्यसनही होते आणि प्रतिष्ठेचे लक्षणही. ठगांचा बीमोड करणाऱ्या स्लीमनने १८३७ मध्ये स्थापिलेल्या उद्योगशाळेत माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले तंबू आणि गालिचे विणीत. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांचे लोहमार्ग येथेच जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा आणि १९४२ मध्ये खमरियास दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तंबूपासून काडतुसापर्यंतचे सामान ज्या नगरीत तयार होई, तेथे बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण मात्र येना, वेट्स्लार किंवा व्हिएन्ना येथूनच यावी लागे. आणि ती आल्यावरही शिकाऱ्यांनी दीर्घकाळ तिच्याकडे पाठ फिरविली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या उपेक्षेचे कारण अज्ञान नव्हते. मुंबईच्या लष्करात नोकरी केलेल्या डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने आखलेली दुर्बीण व्हिटवर्थ बंदुकीच्या कुशीला बसवून अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांनी वापरली होती. परंतु सातपुड्याच्या रानावर १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणारा कॅप्टन फॉर्सिथ जेव्हा शिकारी बंदुकीवर स्वतंत्र पुस्तक लिहितो, तेव्हा त्याचा विषय नळी आणि गोळी हा असतो. मचाणावर बसलेल्या माणसाला वाघ तीस-चाळीस पावलांवर दिसे; हाक्यात तर तो झुडपांतून क्षणार्धात निसटे. अशा वेळी नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच डोळ्यांच्या रेषेत आणणे हेच शीघ्र व खात्रीचे साधन होते. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र अरुंद, मोठ्या बोराच्या बंदुकीचा धक्का तिच्या बैठकीला न सोसणारा, आणि पावसाळ्यात भिंगांवर चढणारी बुरशी हा तर या देशाचा निराळाच जाच.

तथापि खरा अडसर प्रकाशाचा होता. पशू बाहेर पडतात ते दिवस मावळताना; म्हणजे ज्या घटकेला काचेची गरज सर्वांत अधिक, त्याच घटकेला जुनी काच दगा देई. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर शेकडा सुमारे चार भाग प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. भिंगांचे दहा पृष्ठभाग ओलांडीपर्यंत एकतृतीयांश प्रकाश गेलेला असतो, आणि त्यातील काही आतल्या आत भटकून चित्रावर दुधट सावट आणतो. ॲबे व शॉट यांनी १८८४ मध्ये येना येथे काचशाळा काढून नव्या घटकांच्या काचा घडविल्या. त्यामुळे कडांवरील जांभळी-पिवळी झालर पुष्कळ आटोक्यात आली, पण हे सावट उरलेच. त्यावर तोड काढली ती येनाच्याच झाइस कारखान्यातील स्माकुलाने: भिंगावर अतिसूक्ष्म लेप चढवून परावर्तन मारण्याच्या त्याच्या युक्तीला १९३५ मध्ये पेटंट मिळाले. आमच्याकडे मात्र शिकाऱ्यांनी त्याआधीच आपली सोय करून घेतली होती. बंदुकीच्या नळीला विजेची बॅटरी बांधली की माशीही उजळे आणि वाघाचे डोळेही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लेप दिलेल्या भिंगांच्या दुर्बिणी सुलभ झाल्या. नागपूरच्या ॲल्विन कूपरसारख्या संस्था परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या मोहिमा योजू लागल्या, आणि पाहुण्यांच्या बंदुकांवर ही नळकांडी सर्रास दिसू लागली. त्यांतली चांगली कोणती, हे ठरविण्याची रीत साधी होती व आजही तीच आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले असता डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास निघतो: ३२ मिलिमीटर व चौपट वर्धन असेल तर ८, नऊपट असेल तर साडेतीनच. काळोखात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर फाकते आणि उतारवयात ५ मिलिमीटरवर येते. तेव्हा मावळतीला नऊपटीपेक्षा चौपटच उजळ दिसते. हिशेब सारखा असलेल्या दोन दुर्बिणींत निवड करावयाची, तर दिवेलागणीला शंभर पावलांवरचे एकच झाड दोहोंतून पाहावे. एकीत सालीच्या भेगा अद्याप सुट्या असतात, दुसरीत खोड एकसंध काळे झालेले असते. डोळा किंचित बाजूला सरकवला की एकीतील नेमाची फुली जागची हलत नाही, दुसरीतील झाडावरून घसरते. दुकानाच्या पेढीवर भर दुपारी या दोघींत तिळमात्र भेद दिसत नाही.

भेद ओळखणारे डोळे तयार झाले, तोवर शिकारच सरली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा उरलासुरला वावही आवळला, आणि कान्हाच्या कुरणांतील बारशिंग्यांची १९७० मधील गणना अवघी ६६ भरली. पुढे त्यांची संख्या सावरली, त्यात कुरणे राखण्याच्या बंदोबस्ताचा वाटा मोठा; परंतु राखण करावयाची तर आधी मोजणी हवी, आणि पहाटेच्या धुक्यात उंच गवतात बसलेले पाडस व वाळका ओंडका यांतील फरक सांगणारी काच चांगलीच असावी लागते. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलरने याच रानात १९६३ पासून हरणे आणि वाघ न मारता अभ्यासले. आज जबलपुराहून कान्हाला निघणारा प्रवासी दुर्बीण घेताना वर्धनाच्या आकड्याला भुलतो आणि पहिल्याच पहाटे पस्तावतो. त्याने छावणीतील जुन्या शिकाऱ्याची कसोटी लावावी. शिकारीचा परवाना गेला म्हणून ती कसोटी रद्द झालेली नाही.