छावणीतील बाळंतपण

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ साली उभे राहिले. तेथून ज्या मराठवाड्याकडे गाड्या जात, त्या मराठवाड्याने १९४७-४८ मध्ये घरे सोडण्याचे दोन प्रसंग पाहिले. आधी रझाकारांच्या भयाने असंख्य कुटुंबे सोलापूर, अहमदनगर अशा शेजारच्या जिल्ह्यांत गेली. पुढे सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर खेड्यापाड्यांतील मुसलमान कुटुंबे आश्रयासाठी हैदराबाद शहरात आली. या स्थलांतराचा इतिहास लिहिला गेला तो राजकारणाच्या अंगाने. वाटेतच ज्यांचे दिवस भरले, त्या स्त्रियांना त्यात फारशी जागा मिळाली नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. निर्वासितांची छावणी म्हटली की पाणी, धान्य, तंबू आणि लस यांचा विचार प्रथम होई. बाळंतपण ही घरातील बायकांनी निस्तरावयाची गोष्ट मानली जाई. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले असता डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजून असंख्य रुग्ण वाचविले. तो वैद्यकाचा मोठाच विजय होता. परंतु त्याच छावण्यांतील गरोदर स्त्रियांसाठी असा कोणताही ठरलेला उपचारक्रम मदतकार्याच्या हाती नव्हता. अत्याचारातून गर्भ राहिलेल्या स्त्रीची स्थिती तर याहून बिकट. फाळणीनंतर सोडवून आणलेल्या स्त्रियांचे गर्भपात कायद्याने गुन्हा असतानाही गुपचूप करण्यात आले, हे त्या कार्यात असलेल्या कमलाबेन पटेल यांनी पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे गरज सर्वांना ठाऊक होती. ती मान्य करण्याचे धैर्य मात्र नव्हते.

ते धैर्य यावयास १९९४ साल उजाडले. त्या वर्षी रवांडातील संहारानंतर लाखो माणसे गोमाच्या छावण्यांत लोटली, आणि त्याच वर्षी कैरोच्या लोकसंख्या परिषदेने निर्वासितांचाही प्रजनन-आरोग्यावरील हक्क मान्य केला. १९९५ मध्ये विविध संस्थांचे एक संयुक्त कार्यमंडळ स्थापन झाले. आणीबाणीच्या पहिल्या दिवसापासून निदान काय दिलेच पाहिजे, याची यादी तयार झाली.

या यादीचे खरे बळ तिच्या साध्या अंकगणितात आहे. दहा हजारांच्या छावणीत सुमारे अडीच हजार स्त्रिया प्रसूतियोग्य वयाच्या असतात. वर्षाला अंदाजे चारशे बाळंतपणे होतात, आणि शंभरांतील पंधरांत काही ना काही गुंतागुंत उद्भवते. अर्थात, साठ बायकांसाठी रात्रीअपरात्री रुग्णालयापर्यंत नेणारे वाहन हवे. उरलेल्यांच्या हाती द्यावयाचे गाठोडे अगदी लहान: प्लॅस्टिकचे अंथरूण, साबण, नाळ कापण्यास कोरे पाते, ती बांधण्यास दोरा, बाळ गुंडाळण्यास फडके. अत्याचार झालेल्या स्त्रीस एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यावे लागते. गर्भ राहू नये म्हणून द्यावयाची गोळी १२० तासांच्या आत. उशिरा आलेला डॉक्टर येथे न आलेल्यासारखाच. या गोळीवरून १९९९ मध्ये, कोसोव्होच्या निर्वासितांच्या वेळी, व्हॅटिकनने तीव्र आक्षेप घेतला होता.

एचआयव्हीच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की, निर्वासितच हा रोग घेऊन येतात, असा यजमान गावाचा समज असतो. आफ्रिकेतील पाहणीत त्यास आधार मिळाला नाही. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युद्धामुळे या रोगाचे प्रमाण वाढतेच असे दिसून आले नाही. नुकसान होते ते औषध खंडित झाल्याने. उपचार न झाल्यास बाधित मातेकडून बाळाला विषाणू जाण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो. उपचाराने तो पाचांहून खाली येतो.

हैदराबादच्या बालापूर भागात म्यानमारमधून आलेले रोहिंग्या राहतात. ती कुंपणातील छावणी नव्हे, खोपट्यांची वस्ती आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. तेथील गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयाचीच वाट धरावी लागते. अशा रुग्णालयांत गरोदरपणी एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. मात्र तपासणीपूर्वी तिच्याशी जे बोलावयाचे, ते तिच्या बोलीत सांगणारे माणूस बहुधा तिच्याच वस्तीतून सोबत आणावे लागते.