ओळखीचा शब्द, अनोळखी विमान

अहमदाबाद आणि जुहू नकाशावर सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा खंबायतचे आखात ओलांडून बोईसर-पालघरजवळून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातील हे मानाचे पान; पण ते लिहिले गेले विमानात बसलेल्याच्या बाजूने. त्या मार्गाखालच्या गावांतून वर पाहणाऱ्याने काय ओळखले असेल, हा प्रश्न त्यात येत नाही.

शब्दापुरते पाहिले तर 'विमान' त्याला नवे नव्हते. रामकथेतील पुष्पक आणि तुकोबांना वैकुंठी नेणारे विमान कीर्तनांतून घरोघर पोहोचले होते. आगगाडीसाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागला. उडत्या यंत्रासाठी मात्र तिने जुनाच शब्द पुढे केला. नाव आधीच घरात होते, वस्तू मागाहून आली.

नाव घेणे आणि ओळखणे यांत अर्थातच अंतर आहे. विमानाची ओळख बाह्याकृतीवरून पटते: पंख धडाच्या वर की खाली, इंजिने किती, शेपटीची ठेवण कशी. दुसऱ्या महायुद्धात निरीक्षकांना काळ्या छायाकृती दाखवून हेच शिकवले जाई. ओळख चुकली तर तोफ आपल्याच विमानावर चालण्याचे भय होते.

१९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटांनी तोच प्रवास पुन्हा केला. दरम्यान तारापूरला १९६९ मध्ये अणुवीजकेंद्र सुरू झाले होते आणि आकाशात जेट विमाने नित्याची झाली होती. आता एका इंजिनाचे, संथ, छोटे विमानच अनोळखी ठरणार होते. जाणकाराला ते १९३२चेच वाटले असते. पण पहिले होते पुस मॉथ, दुसरे लेपर्ड मॉथ. दोहोंचे पंख धडाच्या वर. एकाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, दुसऱ्याचे धड प्लायवूडचे. एवढा भेद जमिनीवरून कसा कळावा?

आज भ्रमणध्वनीवर विमानाचा प्रकार, उंची, गंतव्यस्थान क्षणात समजते. पाहणाऱ्याला काय वाटले, हे मात्र त्यात उमटत नाही. १९३२चे साक्षीदार आता जवळजवळ उरलेले नाहीत. १९८२मध्ये शाळेत असलेली मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना विचारायला अजून उशीर झालेला नाही.