नाताळची तारीख बायबलमध्ये आहे काय?

येशू ख्रिस्ताचा जन्मदिन म्हणून २५ डिसेंबर जगभर साजरा होत असला, तरी नव्या करारात ही तारीख कोठेही आढळत नाही. जन्मकथा मत्तय व लूक या दोनच शुभवर्तमानांत येते. लूकमधील मेंढपाळ रात्री रानात कळप राखीत होते. यावरून तो ऋतू हिवाळ्याचा नसावा, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो अर्थातच निर्णायक नव्हे. २५ डिसेंबरची जुनी नोंद रोममधील इ. स. ३५४ च्या पंचांगात सापडते. आर्मेनियन चर्च मात्र ६ जानेवारीच मानते.

देखाव्यातील तीन राजांचेही तसेच. मत्तय त्यांना 'मागी लोक' म्हणतो, राजे नव्हे. संख्याही सांगत नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ते तीन ठरले. शिवाय ते गोठ्यात नव्हे, घरात आले!

हा वाद केवळ पंडिती नव्हता. धर्मग्रंथात आधार नाही म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. ही बंदी १६८१ मध्ये उठली. कॅथलिक चर्चने मात्र ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १५४६ मध्येच, प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेला धर्मग्रंथाइतकाच मान दिला होता. त्यामुळे 'बायबलमध्ये नाही' हा आक्षेप तेथे मुळातच लटका पडतो.