इतिहास वाचायचा, पण कुठून?

इतिहासाची आवड आहे, पण वाचायचे काय, असे मला अनेक जण विचारतात. विचारणारे कुणी बँकेत असतात, कुणी शाळेत शिकवत असतात, कुणी नुकतेच निवृत्त झालेले असतात. त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचलेल्या असतात, मालिका पाहिलेल्या असतात, चार-दोन किल्लेही पालथे घातलेले असतात. पण इतिहासाचा ग्रंथ म्हटला की सनावळ्या, वंशावळी आणि तळटीपा डोळ्यांपुढे येतात आणि पुस्तक कपाटातच राहते. शाळेत परीक्षेसाठी वाचलेल्या इतिहासाची धास्ती मनातून लवकर जात नाही. म्हणून आज मी चार पुस्तके सुचवणार आहे. चारही मराठी आहेत, चारही गोडीने वाचता येतात, आणि त्यांतली एकही कादंबरी नाही.

पहिले पुस्तक गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. डोक्यावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. घरून निघाले दक्षिणेसाठी आणि जाऊन पोचले बंडाच्या वणव्यात. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, पाण्याचे हाल, शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी दमलेली, तहानलेली झाशीची राणी त्यांना भेटते. राणीचा पुतळा आपण चौकात पाहतो. येथे ती माणूस म्हणून दिसते. एवढ्या यातायातीनंतर भटजींनी घरी नेले काय, तर आईवडिलांसाठी गंगेचे पाणी.

हे पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्या. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आवृत्ती काढली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचकांच्या हाती भटजींचे शब्द जसेच्या तसे नव्हते. छापील ते सारे खरे, असे मानणाऱ्याने ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरे पुस्तक गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’. साल १८६३. लेखक मूळचे गोव्याकडचे, पेशाने शिक्षक. मुंबईचे रस्ते, बाजार, तळी, देवळे, छापखाने, नाना जातींचे आणि धर्मांचे लोक, दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली आगगाडी, सगळे त्यांनी मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे. त्या वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, ते युद्ध संपले आणि बाजार कोसळून भले भले सावकार धुळीला मिळाले. पुस्तक लिहिताना माडगांवकरांना हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. मला या वाचनातली खरी गंमत इथेच वाटते. पुढे काय होणार हे माहीत नसलेला माणूस आपल्याशी बोलत असतो, आणि आपणही आपल्या काळात तसेच जगतो आहोत हे हळूच उमगते.

तिसरे त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’, १९१५ सालचे. आपले जुने गाव म्हणजे स्वयंपूर्ण आणि सुखी, असे चित्र आपण मनात जपलेले असते. आत्रे आपल्याला खळ्यावर नेऊन उभे करतात. पाटील-कुलकर्णी आले, बलुतेदार आले, अलुतेदार आले, फिरस्ते आले. प्रत्येकाचा वाटा जाता जाता कुणब्याच्या पदरात उरते काय, याचा हिशेब ते मांडतात. त्यांची काही मते आज पटत नाहीत. जातींविषयीची भाषा तर अनेक ठिकाणी खटकते. पण राजेरजवाड्यांपलीकडचा इतिहास ज्याला पाहायचा आहे, त्याला हे पुस्तक टाळता येत नाही. ज्यांचे आजोबा-पणजोबा खेड्यातून शहरात आले, त्यांना ते का आले हेही यात सापडेल.

चौथे पुस्तक त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे पानिपतावरचे. ते आधी इंग्रजीत १९४६ साली आणि मग मराठीत १९६१ साली आले. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी ज्यांना आवडली, त्यांनी तिच्यानंतर हे जरूर वाचावे. कादंबरी आपल्याला रणांगणावर नेते. शेजवलकर विचारायला लावतात की ही फौज एवढ्या दूर गेली कशासाठी, आणि हरली कशाने. जोडीला राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या साधनांच्या पहिल्या खंडातली पत्रे चाळावीत. पैसा पाठवा, रसद पाठवा, हा भाऊसाहेबांचा गोविंदपंत बुंदेल्यांमागचा तगादा वाचला की १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडण्यापूर्वीच सैन्याची उपासमार कशी सुरू झाली होती ते कळते. नशिबाला बोल लावून मोकळे होता येत नाही.

ही पुस्तके कशी वाचावीत? शेजारी नकाशा ठेवा. जुन्या मराठीची पहिली वीस पाने जड जातील, मग कान सरावतो. तळटिपा पहिल्या वाचनात खुशाल सोडा. विकत घेणे जमत नसेल तर गावातल्या ग्रंथालयात मागा. मागणी झाली तरच अशी पुस्तके मांडणीवर राहतात, नाहीतर रद्दीत जातात.

आणि हा खटाटोप नुसत्या करमणुकीसाठी नाही. आपल्याकडे इतिहासावरून डोकी फुटतात, माणसे माणसांशी बोलेनाशी होतात. त्या भांडणात उतरलेल्या किती जणांनी मूळ पुस्तक उघडलेले असते? तुम्ही ही चार वाचली तर कुणीही येऊन तुम्हाला सहजासहजी भडकवू शकणार नाही. समोरचा तावातावाने बोलू लागला की तुम्ही शांतपणे एवढेच विचाराल, “हे कुठे लिहिले आहे? आणि कोणत्या आवृत्तीत?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)