अँटिनॉमी

‘अँटिनॉमी’ तत्त्वज्ञानात आली ती कोर्टकचेरीतून. ग्रीकमध्ये ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध, ‘नोमोस’ म्हणजे कायदा. एकाच प्रकरणात दोन कायदे एकमेकांना भिडले की ती अँटिनॉमी. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात बुद्धीलाच पिंजऱ्यात उभे केले. विश्वाला कालारंभ आहे, हे ती सिद्ध करते. आणि नाही, हेही तितक्याच ठामपणे! निकाल? दोन्ही दावे फेटाळले, कारण ‘सगळे विश्व’ अनुभवाला कधी येतच नाही. (कांटने अशा चार जोड्या मोजल्या, त्याच्यानंतरच्या तत्त्वज्ञ हेगेलला त्या जिथे तिथे दिसल्या.) मराठी प्रतिशब्द म्हणून मला संस्कृत व्याकरणकार पाणिनीचा ‘विप्रतिषेध’ आवडतो. तिथे तुल्यबळ सूत्रे भिडली की नंतरचे लागू. कांटला ही सोय नव्हती.