फिनेस मासेमारी : मऊ आमिषे आणि जोडण्या

गोड्या पाण्यातला बास मासा हलक्या साधनांनी गळाला लावण्याची पद्धत. बारीक दोरी, दोन-चार ग्रॅमचे वजन, एक लहान गळ आणि बोटभर लांबीचे मऊ प्लास्टिकचे आमिष एवढ्या सामानावर ती चालते. ती मुख्यतः अमेरिकेत आणि जपानमध्ये वाढली. येथे बास म्हणजे उत्तर अमेरिकेतील सेंट्रार्किडी कुलातले मायक्रोप्टेरस प्रजातीचे मासे. त्यांपैकी मोठ्या तोंडाचा (मा. साल्मॉयडिस), लहान तोंडाचा (मा. डोलोमियू) आणि ठिपक्यांचा (मा. पंक्चुलेटस) या तीन जाती गळाने मासे धरणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या आहेत.

बास दबा धरून बसणारा शिकारी आहे. भक्ष्य जवळ आले की तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. आत आलेली वस्तू खाण्याजोगी वाटली नाही तर तितक्याच झटक्यात बाहेर टाकतो. लाकडी किंवा कडक प्लास्टिकचे आमिष तो लवकर थुंकतो, मऊ आमिष जरा जास्त वेळ तोंडात धरतो, असा गळ टाकणाऱ्यांचा अनुभव आहे. या जास्तीच्या क्षणावरच मऊ आमिषांचा सगळा धंदा उभा राहिला.

अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये व्हिनिल, तेल व रंग यांच्या मिश्रणातून मऊ गांडूळ साच्यात ओतून तयार केले. रबराची गांडुळे त्याआधीही होती, पण ती ताठ असत. क्रीम यांची कंपनी पुढे टेक्ससमधील टायलर येथे गेली. आजही बहुतेक मऊ आमिषे प्लास्टिसॉलची असतात. पीव्हीसीची पूड पातळ मृदुकारकात कालवून तापवली की तिचा लवचीक गोळा होतो. त्यात मीठ घातले की आमिष जड होते आणि वेगळे वजन न लावताही बुडते. ॲरिझोनातील पेज येथील गॅरी यामामोटो यांनी १९९० च्या दशकात आणलेली ‘सेंको’ ही मीठभरली कांडी याचे ठळक उदाहरण. तिला पाय नाहीत, शेपूट नाही, पंख नाहीत. दुकानात पाहिली तर कोणी विकत घेणार नाही अशी ती दिसते. पण पाण्यात आडवी बुडताना तिची दोन्ही टोके थरथरतात आणि मासे तिला गिळतात. दुसरा प्रकार थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरचा. दक्षिण कॅरोलायनातील झी-मॅन कंपनीची ‘इलॅझटेक’ आमिषे या जातीची आहेत. ती भरपूर ताणली तरी तुटत नाहीत आणि पाण्यावर तरंगतात. या दोन जातींची आमिषे एका डबीत ठेवू नयेत. एकमेकांना लागून वितळतात आणि डबीत रंगीत लगदा उरतो.

हलक्या साधनांचे वेड एका जागी सुरू झाले नाही. टेनेसीतील लॉरेन्सबर्गचे चार्ली ब्रूअर लहान गांडूळ हलक्या शिशाच्या गळावर लावून, हाताने कोणतीही करामत न करता, सावकाश एका चालीने ओढत. कॅलिफोर्नियाच्या खोल, नितळ जलाशयांत डॉन आयोव्हिनो यांनी १९८० च्या दशकात जवळपास एका जागी आमिष थरथरवत ठेवण्याची रीत रूढ केली. कॅन्सस सिटीच्या परिसरात चक वुड्स यांची छोटी आमिषे आधीपासून चालत होती. जपानमध्ये कारण वेगळे होते. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेतून आणलेले बास आशी सरोवरात सोडले आणि पुढे ते देशभर पसरले. पाणी थोडे, गळ टाकणारे फार आणि तेच मासे पुनःपुन्हा पकडले गेलेले. अशा सावध माशांसाठी जपान्यांनी साधने बारीक करत नेली. ‘ड्रॉप शॉट’ जोडणी (दोरीला गळ, वजन व आमिष बांधण्याची एक रीत; वर्णन पुढे) तिथल्या स्पर्धकांमधून १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोहोचली.

नेड रिग : कमीत कमी सामानाची कल्पना जिथे टोकाला गेली ती ही जोडणी. कॅन्ससमधील लॉरेन्सचे मासेमारी-लेखक नेड केहडी यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपण तिचे जनक नाही, ही ‘मिडवेस्ट फिनेस’ नावाची जुनी स्थानिक रीत आहे, असे ते स्वतः सांगत आले. पण नावे अशीच पडतात. शिशाचे हरभऱ्याएवढे डोके, त्याला एक छोटा उघडा गळ आणि त्यावर अडीच-पावणेतीन इंची (साधारण ६ ते ७ सेंमी.) कांडी. डोके अळंबीच्या आकाराचे असते. त्याची सपाट बाजू आमिषाकडे येते, त्यामुळे दोघांत फट राहत नाही. वजन बहुधा १/१६ औंस, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम. उथळ आणि शांत पाण्यात ते निम्मे करतात, वारा सुटला तर १/१० औंसापर्यंत (२.८ ग्रॅम) नेतात.

आमिष गळावर ओवण्यात बरेच काही आहे. गळाचे टोक कांडीच्या चपट्या टोकाच्या बरोबर मधोमध घुसवायचे, सरळ आत न्यायचे आणि गळाच्या बाकाची लांबी आधी कांडीशेजारी धरून जिथे खूण केली तिथूनच बाहेर काढायचे. खूण अर्धा सेंमी. चुकली की कांडीला पोक येतो आणि पाण्यात ती स्वतःभोवती फिरू लागते. फिरणाऱ्या आमिषाला मासा लागत नाही आणि दोरीला पीळ पडतो तो वेगळाच. इलॅझटेकची कांडी ताठ ओवणे प्लास्टिसॉलपेक्षा अवघड, कारण ती गळाला चिकटून मागे ओढते. थोडे पाणी लावल्यास सरकते. एवढा त्रास कशासाठी, तर तळाला टेकल्यावर डोके खाली राहते आणि तरंगणारी शेपूट वर उभी होते. तळाशी तोंड खुपसून चरणाऱ्या बारक्या जिवासारखी ती दिसते. मिठाची कांडी अर्धी कापून लावली तर हीच जोडणी आडवी पडते. तीही चालते, पण मग तिचा निम्मा गुण जातो.

आमिष परत आणण्याच्या सहा चाली केहडी यांच्या लेखनात येतात. ओढणे, थरथरवणे, उडवणे, निपचित ठेवणे यांच्याच त्या वेगवेगळ्या गुंफणी आहेत. नवख्याला अडचण येते ती दुसऱ्याच गोष्टीची. इतके हलके वजन तळाला टेकलेले हाताला कळतच नाही. खालून टकटक जाणवावी म्हणून तो वजन वाढवतो आणि जोडणीचा जीव घालवतो. मासा लागल्याचे येथे दोरीवरून ओळखायचे असते. दोरी बाजूला सरकली, पडता पडता मध्येच थांबली किंवा नुसती जड वाटली की काठी हळूच बाजूला ओढायची. जोरात हिसका दिला तर बारीक तारेचा गळ वाकतो किंवा दोरी तुटते.

निवड : दुकानात रंगांची भिंत असते आणि खरेदी रंगापासून सुरू होते. प्रस्तुत नोंदीचे मत उलट आहे. आधी वजन ठरवावे, मग जोडणी, मग आमिष आणि उरलाच वेळ तर रंग. फिनेस पद्धतीत मासा आमिष घेतो तो बहुतेक वेळा ते खाली पडत असताना किंवा नुकतेच थांबल्यावर. म्हणजे पडण्याचा वेग हाच मुख्य गुण, आणि तो वजन, आमिषाचे आकारमान व दोरीची जाडी यांवर ठरतो. नियम सोपा आहे : ज्यात आमिष अजून ताब्यात राहते असे सर्वांत हलके वजन. थंड पाण्यात माशाची हालचाल मंदावते, तेव्हा वेग आणखी कमी करावा. रंगापुरते बोलायचे तर नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी आणि गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढ्यावर बहुतेकांचे वर्ष निघते.

जोडणी तळ पाहून निवडतात. वाळू, खडी, सपाट चिखल असेल तर नेड रिग. तिचा गळ उघडा असल्याने पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या फांद्यांत तो दर फेकीला अडकतो. तिथे टेक्सस रिग घ्यावी : बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन दोरीत सरकते ठेवून गळाचे टोक आमिषातच लपवलेले. मासे तळापासून वर तरंगत असतील तर ड्रॉप शॉट. त्यात वजन दोरीच्या अगदी शेवटी आणि गळ त्याच्या वीतभर ते हातभर वर असतो, म्हणून आमिष एकाच पातळीवर टिकते. वॅकी रिगमध्ये सेंकोसारख्या कांडीच्या मध्यावर गळ टोचतात. मऊ कांडी चटकन फाटते, यासाठी तिच्यावर रबरी कडे चढवून गळ त्यात अडकवतात. तिच्या एका टोकात खिळ्यासारखे वजन खोचले की नेको रिग होते. शेकी हेड ही थोड्या जड डोक्यावर लांब गांडूळ लावण्याची रीत. तिच्याविषयी जास्त लिहावे असे काही नाही. ज्याला खरोखर थोडे सामान बाळगायचे आहे त्याने अळंबी-डोक्यांची दोन वजने, एक पाकीट छोट्या कांड्या, एक पाकीट पाच इंची सेंको आणि थोडे मोठे गळ घ्यावेत. खिशात मावते आणि वरच्या जोडण्यांपैकी निम्म्या त्यातून होतात.

काठी साडेसहा-सात फुटी, टोकाशी लवचीक. रीळ स्पिनिंग जातीचे, २५०० आकाराचे. दोरीबाबत तीन पर्याय आहेत. नायलॉन (आपल्याकडचा तंगूस) स्वस्त, पण ताणतो आणि हळू बुडतो. फ्लुओरोकार्बनची घनता सुमारे १.८ असल्याने तो बुडतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ ला नायलॉनपेक्षा जवळ, म्हणून तो कमी दिसतो. विणलेली पॉलिएथिलीनची दोरी तरंगते, ताणत नाही आणि बारीकसा झटकाही हातापर्यंत पोहोचवते, पण पाण्यात दिसते. म्हणून रिळावर विणलेली दोरी आणि पुढे काही फूट फ्लुओरोकार्बन, ६ ते ८ पौंड ताकदीचा, अशी सांगड बहुतेक जण घालतात. विणलेल्या दोरीचे उजळ पिवळे-हिरवे रंग माशासाठी नसून दोरी पाहून मासा ओळखणाऱ्या माणसासाठी आहेत.

कायदे व पर्यावरण : लहान शिशाची वजने पक्षी खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंसांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी आहे. लून पक्ष्यांसाठी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात एक औंसापर्यंतची शिशाची वजने व जिग (शिशाचे डोके असलेले गळ) चालत नाहीत. नेड रिगचे डोके नेमके याच मापात बसते. टंगस्टनचा पर्याय आहे (घनता १९.३, शिशाची ११.३), तेवढ्याच वजनाचे डोके आणखी लहान होते, किंमत मात्र बरीच चढते. मऊ आमिषांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फाटलेली आमिषे पाण्यात टाकली जातात, फुगतात, माशांच्या पोटात सापडतात. मेन राज्यात २०१३ मध्ये त्यांवर बंदीचे विधेयक आले होते, ते बंदीपर्यंत गेले नाही. जपानमध्ये बास २००५ पासून कायद्याने आक्रमक परकीय जाती ठरला आहे. शिगा प्रांतातील बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे. गंमत म्हणजे याच सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी सुमारे १०.१२ किग्रॅ.चा बास पकडून जॉर्ज पेरी यांच्या १९३२ मधील जॉर्जियातल्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

भारतात : आपल्या किनाऱ्यावर ‘सी बास’ म्हणून विकला जाणारा जिताडा, गोव्यातला चोणक (लेटस कॅल्करिफर), हा वेगळ्या कुलातला मासा. तोही मऊ आमिषे घेतो. खाड्यांत शेपूट हलवणारी प्लास्टिकची मासोळी त्याला चालते. पण त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि सहा-आठ पौंडी दोरी तो पहिल्याच हिसक्यात कापतो. म्हणून आमिष हलके ठेवले तरी पुढची दोरी जाड लागते. तळ्यांतल्या मरळीसाठी लोक झाकलेल्या गळांचे मऊ बेडूक वापरतात, तेही शेवाळावरून आणि कमळाच्या पानांवरून ओढत. उघड्या गळाची नेड रिग तिथे पहिल्या फेकीलाच गवतात रुतते.